हिरडी गुलाबी होईपर्यंत

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या माझ्या ठिबकच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा तुंबलेला फिल्टर उघडून बसलो होतो. फोन तिच्या दवाखान्यातल्या संगीताचा. "दादा, बाई खुर्चीत बसल्यात... उठत नाहीत." कुठल्या खुर्चीत, असं मी विचारलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण अशा वेळी माणूस काहीही विचारतो. "पेशंटच्या," ती म्हणाली. दुपारच्या पेशंटांपैकी एकच म्हातारेबुवा राहिले होते. त्यांना बाहेर थांबायला सांगून अक्का म्हणाली, दोन मिनिटं पाठ टेकते, आणि ज्या खुर्चीत तिनं तीसएक वर्षं मंचर आणि आजूबाजूच्या गावांची तोंडं उघडून पाहिली, त्याच खुर्चीत ती गेली. मी पोचलो तेव्हा खुर्चीवरचा दिवा चालूच होता. ते म्हातारेबुवा रुमाल तोंडाला धरून बाहेर बाकावर बसून होते, घरी जा म्हटलं तरी जाईनात.

संध्याकाळी तिला कळंबला घरी आणलं आणि ओसरीवर ठेवलं. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. ती माझ्याकडे असते. अक्का मंचरला दवाखान्याच्या वरच राहायची आणि रविवारी आमच्याकडे यायची. बायकांनी रडायला सुरुवात केली, पण आई रडली नाही. ती लेकीच्या उशाशी बसली, दोन बोटांनी तिचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर अंगठा दाबला, काढला आणि बघत राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं कोणीतरी मागं कुजबुजलं. आईनं ओठ हळूच खाली केला. "नाय आला रंग," एवढंच म्हणाली आणि मग तिनं हंबरडा फोडला.

तिचं डोकं फिरलं नव्हतं. ती काय बघत होती ते त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहितोय. मला लिहायची सवय नाही. बिलावर 'माल परत घेतला जाणार नाही' यापलीकडे माझं साहित्य गेलेलं नाही. पण दीड महिना झाला, भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, बाई फार मोठ्या होत्या. मोठ्या म्हणजे काय, ते त्यांना नीट सांगता येत नाही, आणि मला थोडंफार येतं.

आमच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळीनंतर ते कळप घेऊन बाहेर पडायचे आणि मागं अंगणात राहायची ती लंगडी, व्यालेली आणि आजारी मेंढरं. त्यांची डॉक्टर आमची आई. मेंढरू मलूल दिसलं की ती त्याला दोन्ही गुडघ्यांत धरायची, ओठ वर करायची आणि हिरडीवर अंगठा दाबायची. अंगठा काढला की तिथं पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते ती मोजायची. एक... दोन. दोनाच्या आत रंग आला तर मेंढरू ठीक. तीन-चार झाले, किंवा हिरडी आधीपासूनच पिठासारखी पांढरी असली, तर पोटात जंत किंवा अंगात रक्त नाही. आईला शंभराच्या वर मोजता येत नव्हतं, पण या कामाला दोनापर्यंतच लागायचं.

अक्का तेव्हा चौथी-पाचवीत असेल. एकदा तिनं विचारलं, "आये, मानसाचा रंग किती येळात येतो?" आईला ते माहीत नव्हतं. मग अक्कानं शोध लावायचं ठरवलं, आणि शोधाला मेंढरू म्हणून मी होतोच. दिवसभर ती माझा ओठ उचलून अंगठा दाबत होती. जेवणाआधी, जेवणानंतर, पळून आल्यावर, विहिरीचं गार पाणी प्यायल्यावर. संध्याकाळपर्यंत माझी हिरडी हुळहुळायला लागली आणि मी आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, "बघू दे की तिला, तुजं काय झिजतंय का?" पुढं अक्का डॉक्टर झाल्यावर मी सगळ्यांना सांगायचो की हिचा पहिला पेशंट मी आहे आणि अजून बरा झालेलो नाही.

ती पुण्याला दातांच्या कॉलेजात गेली आणि पुढचं शिक्षण घेताना विषय निवडला तो हिरडीचाच. हिरडीत रक्त किती येतं, केव्हा वाढतं, केव्हा कमी होतं, आणि ते कोण ठरवतं. घरी हे ऐकून वडील म्हणाले, "ह्यात शिकायचं काय ऱ्हायलंय? तुज्या आयेला इचार." एका सुट्टीत ती कॉलेजातून परवानगी काढून एक यंत्र घेऊन घरी आली. डबा रेडिओएवढा, त्याला एक बारीक वायर आणि वायरीच्या टोकाला लाल उजेड. ते टोक हिरडीजवळ धरलं की आतलं रक्त वाहतं कसं ते पडद्यावर रेघेत दिसायचं. वीज होती तेवढ्या वेळात तिनं आईला ओसरीवर बसवलं आणि डोकं हलवू नको म्हणून उशी लावून दिली. आईला हसू आवरेना, आणि ती हसली की रेघ उड्या मारायची.

मी विचारलं, हे बघून उपयोग काय? मी त्या वर्षी कांद्याला पाणी देत होतो, म्हणून तिनं मला माझ्या भाषेत सांगितलं. "तू दारं धरतोस ना, एका वाफ्याला पाणी पुरलं की त्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडतोस, तसंच. हिरडीत असे हजारो वाफे आहेत आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी दारं धरणारा बसलाय. आपण घास चावला की हिरडी दबते, रक्त हटतं. दाब सुटला की तो दार नेहमीपेक्षा मोठं उघडतो, उपाशी राहिलेल्या वाफ्याला थोडं जास्त पाणी देतो आणि मग आपोआप दार बेताचं करतो. गरम चहा प्यायलास, मिरची लागली, काडी टोचली, दर वेळी वेगळा हिशेब. आणि बरंचसं तिथल्या तिथं ठरतं, वर डोक्याला विचारायलाही जात नाही." मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणा आहे." ती म्हणाली, "म्हणून तर त्याच्याकडे शिकायला गेलेय."

आता मुद्द्याचं. आमची आई मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, पितळी डबीत भरायची आणि सकाळी, दुपारी, सांजेला बोटानं हिरडीवर घासायची. आमच्याकडच्या निम्म्या बाया हेच करतात. चारजणी बसल्या की डबी फिरते, आणि हिरडी घट्ट राहते, दातातून रक्त येत नाही, असं त्या शपथेवर सांगतात. अक्काला वाटत होतं की मशेरी लावल्याबरोबर रेघ खाली जाईल. तसं झालं नाही. पहिली काही मिनिटं रेघ वरच चढली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चुणचुणतं तवा. तुज्या मशीनला आत्ता कळलं व्हय?" अक्का इतकी खूश झाली की तिनं आईचा मुकाच घेतला, मशेरीसकट. मग गंभीर होऊन म्हणाली, "आये, त्या दारं धरणाऱ्याला तू दिवसातून तीनदा उगीच हाका मारतेस. वर्षानुवर्षं मारल्यावर तो ऐकेनासा होतो. मग खरंच आत कीड लागली, पू झाला, तरी हिरडी सुजत नाही, रक्त येत नाही. रक्त येत नाही ते हिरडी चांगली म्हणून नाही... बोंब मारणारा झोपलाय म्हणून." आणि तिनं डबी उंच फळीवर ठेवून आईला मशेरी सोडायला लावली.

आईनं सोडली. लेकीचा शब्द होता. अक्का पुण्याला परत गेली. आठ-दहा दिवस गेले आणि एका सकाळी आई चूळ भरताना ओरडली. पाणी लाल होतं. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या घासाला रक्त लागलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उभ्या आयुष्यात आईच्या दातातून रक्त आलेलं मी पाहिलं नव्हतं. ती घाबरली, मी तिच्यापेक्षा घाबरलो. वडील कळपाबरोबर बाहेर, घरात फोन नाही. मला बहिणीचा राग आला. यंत्र लावून लावून हिनं आईच्या हिरडीची वाट लावली, असं मला सरळ वाटलं. मी पेठेतून तंबाखू आणली, चुलीवर तवा ठेवला आणि स्वतःच्या हातानं मशेरी भाजून आईच्या पुढं ठेवली. आई "नगं रं" म्हणाली, पण एकदाच. काही दिवसांत रक्त थांबलं. मी गावात चारजणांना सांगितलं की शिक्षणानं माणसाला सगळंच कळतं असं नाही.

अक्काला हे कोणी सांगितलं नाही. ते तिला भाकरीनं सांगितलं. ती पुढच्या खेपेला आली, आईनं गरम भाकरी वाढली, अक्कानं पहिला घास घेतला आणि तशीच थांबली. मी शहाण्यानं मशेरी भाजली होती ती भाकरीच्याच तव्यावर. तवा राखेनं दोनदा घासला होता, तरी वास गेला नव्हता. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणी भाजली?" मी म्हटलं, मी. रक्त येत होतं म्हणून. वाटलं आता ताट भिरकावणार. ती म्हणाली, "दत्तू, ते रक्त यायलाच हवं होतं रे. हिरडी जागी झाली होती. इतक्या वर्षांनी तिनं सांगितलं की मला दुखतंय, आणि तू तिचं तोंड दाबलंस." आणि तिनं ती भाकरी पूर्ण खाल्ली. त्यानंतर ती माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलली. ते वर्ष मला अजून बोचतं.

आईची मशेरी पुन्हा सुरू झाली ती झालीच. एकदा सोडून त्रास झाला, आता लेकीचंही ऐकायची तिची तयारी नव्हती. तिचे दात एकेक करून हलायला लागले. रक्त नाही, सूज नाही, दुखणं नाही, नुसते हलायचे. अक्कानं मंचरला दवाखाना टाकल्यावर तिनंच ते काढले. शेवटचा दात काढायला आईला खुर्चीत बसवलं तेव्हा मी हजर होतो. दात काढून झाल्यावर अक्का आईच्या गालाच्या आत बराच वेळ बघत राहिली. तिथं एक पांढरा चट्टा होता. पुण्याला तपासायला पाठवला. अजून वाईट काही नाही, पण मशेरी चालू राहिली तर सांगता येत नाही, असं उत्तर आलं. त्या दिवशी अक्का आईसमोर रडली. मी तिला लहानपणानंतर रडताना तेव्हाच पाहिलं. आईनं कनवटीची पितळी डबी काढून तिच्या टेबलावर ठेवली. "घे बाय. आता काय दात न्हाईत, काय न्हाई." अक्का म्हणाली, "हिरडी आहे ना अजून." तिनं डबी धुतली, उकळली आणि तिच्यात कापसाचे बोळे भरून ठेवले. ती डबी कायम तिच्या टेबलावर असायची. चट्टा पुढं फिका होत होत गेला. दर रविवारी अक्का आली की हात धुवायची, आईची कवळी काढायला लावायची, गालात बॅटरी मारून बघायची आणि शेवटी हिरडीवर अंगठा दाबून मोठ्यानं मोजायची. एक... दोन. शेवटचं दाबणं तपासणीसाठी नव्हतं, तो दोघींचा लाड होता.

माझी चूक तिनं वाया घालवली नाही. सुट्टीच्या दिवशी ती घाटघरला, मढला, वरच्या वाड्यांमधून शिबिरं घ्यायची. गाडी माझी, चालवणार मी, बॅटरी धरणार मी. बाकीचे डॉक्टर बायांना सांगायचे, मशेरी सोडा, कॅन्सर होतो. बाया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन लावायच्या. अक्का म्हणायची, "सोडा, पण एक सांगते. आठ-दहा दिवसांनी रक्त येईल. घाबरू नका. हिरडी झोपली होती ती उठली म्हणून येतंय. रक्त आलं की डबी उघडायची नाही, माझ्याकडं यायचं. मग आपण आतली घाण साफ करू आणि रक्त थांबवू." आणि मग ती गोष्ट सांगायची, एका शहाण्या भावाची, ज्यानं भाकरीच्या तव्यावर मशेरी भाजली. बाया हसून लोळायच्या. एकदा घाटघरच्या एका आजीनं विचारलं, "बाई, त्यो भाऊ आता कुटं आस्तो?" अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "असतो कुठंतरी. बॅटरी धरतो." सगळ्याजणींनी माना वळवल्या. माझ्या हातातली बॅटरी तेव्हा चालूच होती. महिन्याभरानं त्याच आजी उतारूच्या जीपनं मंचरला आल्या, दवाखान्याच्या दारातूनच ओरडल्या, "बाई, आलं रगात!" आणि अक्का खुर्चीवरचा पेशंट सोडून त्यांना मिठी मारायला धावली. त्या पेशंटाचं तोंड किती वेळ उघडं राहिलं कोणास ठाऊक.

शेवटचा रविवार नेहमीसारखाच गेला. तिनं आईचं तोंड तपासलं, सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातची शेंगोळी खाल्ली, आणि जाताना छाती चोळत म्हणाली, पित्त झालंय. मी म्हटलं, दाखवून घे. ती म्हणाली, बघू. लोकांच्या हिरडीतला केसाएवढा प्रवाह मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या हृदयातला अडलेला दिसला नाही, या गोष्टीचा मला अजून राग येतो. तो तिच्यावर आहे, आणि तिला गाडीत घालून न नेल्याबद्दल माझ्यावरही आहे.

दिवसकार्य झाल्यावर दुपारच्या वेळी बाया आईजवळ येऊन बसायला लागल्या. शेजारची पारूमावशी रोज यायची. चौघी बसल्या की डबी निघायची आणि फिरायची. आईपाशी आली की आई ती पुढं सरकवायची. मी दुकानातून जेवायला आलो की माझं लक्ष तिच्या बोटांकडं असायचं. असे तीन आठवडे गेले. मग गेल्या रविवारी सकाळी आई म्हणाली, "दत्तू, माजी डबी आण मंचरहून." पारूमावशी तिथंच होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दे रं. लेक गेली तिची. ह्या वयात आता काय व्हायचं ऱ्हायलंय? तेवढाच जिवाला इसावा."

मी मंचरला गेलो. दवाखाना उघडला. खुर्ची, दिवा, सगळं जागच्या जागी, आणि टेबलावर ती डबी. झाकण उघडलं तर आत कापसाचे बोळे, अक्कानं रांगेत लावलेले. ते काढून टाकायला माझा हात होईना. डबी तशीच खिशात टाकली. परत येताना बाजारात थांबलो... आणि तंबाखूची पुडी घेतली. का घेतली ते मला विचारू नका. चट्टा मला आठवत होता. अक्काचं ते रडणंही आठवत होतं. पण अक्का गेल्यापासून आई धड जेवली नव्हती, आणि तिच्यासाठी काहीतरी करावं असं वाटलं की मला आयुष्यभर एकच गोष्ट सुचत आलेली आहे.

आई अंगणात खाटेवर बसली होती, शेजारी पारूमावशी. मी डबी दिली. आईनं झाकण उघडलं, कापसावरून बोट फिरवलं. मी दुसऱ्या खिशात हात घातला. "आई, तंबाखू आणलीय. भाजू का?"

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "तिनं येवड्या डोंगरातल्या बायांस्नी तुजी गोष्ट सांगितली. आन तू परत त्येच करनार व्हय रं?"

"मग डबी कशाला मागितलीस?"

"तिच्या हातचा कापूस हाय त्यात," आई म्हणाली. "दवाखाना रिकामा करताना तुमी फेकून दिला आसता."

मी पुडी हातात घेऊन उभा. पारूमावशीनं हात पुढं केला, "मग ती मला तरी दे." आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. पुडी मी मावशीला दिली नाही, चुलीत टाकली, आणि मावशी त्यावरून माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

मी परत अंगणात आलो तर आईनं कवळी काढून पदरात धरली होती. "आज आयतवार हाय," ती म्हणाली. "ती बगायची. आता तू बग." मी हात धुऊन आलो. बॅटरी मारून गालाच्या आत पाहिलं, जमेल तेवढं. मग तिचा ओठ उचलला आणि हिरडीवर अंगठा दाबला, अक्का दाबायची तसा. काढला. पांढरा ठिपका उमटला होता. मी मोठ्यानं 'एक' म्हणालो आणि पुढचं आईनंच मोजलं, ओठ माझ्या बोटांत असल्यामुळं बोबडं.

"आला का रंग?" तिनं विचारलं.

"आला, आई."